मिठीवरचं काम कुर्ल्यापर्यंत कसं न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तिघाचौघा कलाकारांचा एक गट मुंबईतल्या मिठी नदी आणि माहीमच्या खाडीवर काम करतो. छायाचित्रं आहेत, पाण्याखालची ध्वनिमुद्रणं आहेत, नदीचा गाळ वाळवून केलेल्या रंगांतली चित्रं आहेत. गॅलऱ्यांच्या काळा घोडा परिसरात प्रदर्शन झालं. आले ते कलाशाळांचे विद्यार्थी, इतर कलाकार आणि ओळखीपाळखीची मंडळी. कुर्ल्यासारख्या वस्त्यांत नदीकाठी राहणारं कुणी फिरकलं नाही. आता हे काम कलाजगताबाहेर न्यायचं तर सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न बहुतेकांना वाहतुकीचा वाटतो. गॅलरीतलं उचललं, फुटपाथवर मांडलं, की झालं. तसं होत नाही. फुटपाथवरचा माणूस लोकल पकडायला निघालेला असतो. तुम्ही त्याच्या वाटेत एक फळी आणून ठेवता आणि तो ती चुकवून पुढे जातो. त्यात त्याची काही चूक नाही.

माणसं ठरल्या वेळी, स्वतःच्या कामासाठी जिथे जातात आणि थांबतात ती वहिवाट आधी शोधायची आणि कलाकृती तिच्या मापाने बनवायची. नळाला पाणी यायची वेळ, भरती-ओहोटी, गणेश मंडळाचं वर्ष, शाळेचं वेळापत्रक, सोसायटीचा नोटिसबोर्ड या सगळ्या वहिवाटीच. एका कामाला एकच धरा. ‘सगळ्यांसाठी’ म्हणून केलेलं काम फिरून काळा घोड्यालाच येतं.

जगभरातली जी कामं खरोखर बाहेर पोचली, त्यांच्यात हेच दिसतं. मुंबईच्याच कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागावच्या आसपास तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर हातपंपांच्या जागा घडवल्या, त्या ‘नळपार’ म्हणून ओळखल्या जातात. पाणी भरणाऱ्या बाईला भरलेली घागर आधी मधल्या उंचीवर टेकवता यावी आणि तिथून डोक्यावर घेता यावी, सांडपाणी नीट वाहून जावं, हा त्या रचनेचा भाग आहे. बघायला म्हणून कुणी यावंच लागत नाही. पाण्याला येणारी प्रत्येक बाई ते काम वापरते. जर्मन कलाकार जोसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात सात हजार झाडांचा प्रकल्प सुरू केला. संग्रहालयासमोर बेसॉल्टच्या दगडांचा मोठा ढीग ओतला आणि नियम केला, की एक झाड लागलं की शेजारी एक दगड रोवायचा. झाडं लागेपर्यंत ढीग हलणार नव्हता. दगडांवर चिडलेल्या नागरिकांनाही ते हटवायचा एकच मार्ग उरला, झाडं लावणं. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं, तोवर बॉइस हयात नव्हते. मिअर्ल लॅडरमन युकेलीस यांनी १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी त्यांच्या पाळीत, त्यांच्या चौक्यांवर जाऊन हस्तांदोलन केलं आणि आभार मानले. कामगारांना सुटीच्या दिवशी कुठे बोलावलं नाही.

तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे पुराची रेघ. ईव्ह मोशर यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुराचं पाणी जिथवर चढू शकेल ती, समुद्रसपाटीपासून दहा फुटांवरची रेघ खडूच्या भुकटीने रस्त्यांवर काढली. खेळाच्या मैदानावर पट्टे आखायचं ढकलयंत्र घेऊन त्या सुमारे सत्तर मैल चालल्या. ‘काय काढताय?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाशी झालेलं बोलणं हाच त्या कामाचा गाभा. मुंबईत अशा रेघेला अंदाजाची गरजच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुर्ला, कालिना, बैलबाजार, क्रांतीनगर इथल्या जुन्या घरांत पाणी कुठवर आलं ते माणसांना पाठ आहे. ही रेघ कशी काढायची ते नीट सांगतो, कारण इथे बारीकसारीक गोष्टींवरच काम टिकतं किंवा बुडतं.

पहिली गोष्ट रंग. लाल रंग वापरू नका, गेरूही नको. वस्तीत दारावर किंवा भिंतीवर लाल आकडा, लाल रेघ म्हणजे सर्वेक्षण किंवा पाडकाम. कुणीतरी लाल पट्टा मारत निघालंय ही बातमी गल्लीत तुमच्या आधी पोचते आणि पुढची दारं बंद होतात. निळा घ्या. चुना रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात कपड्यांची नीळ आणि थोडा डिंक घालायचा, ताकापेक्षा किंचित दाट ठेवायचा. पाच सेंटिमीटर रुंदीची दोनशे मीटर रेघ काढायला पाच किलो चुना पुरून उरतो. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून कालवणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा हवाच. लहान मुलांच्या हाती ब्रश द्यायचा मोह टाळा. ऑइलपेंट किंवा टाइल्सवर चुना धरत नाही, तिथे निळी कागदी चिकटपट्टी लावा.

दुसरी गोष्ट उंची. ‘छातीपर्यंत पाणी होतं’ हे माप नव्हे, छाती कुणाची त्यावर ते अवलंबून. वस्तू विचारा: देव्हाऱ्याच्या फळीपर्यंत? मीटरच्या पेटीपर्यंत? पोटमाळ्याच्या शिडीची कितवी पायरी? एका गल्लीत किमान तीन वेगळ्या घरांत, एकमेकांसमोर नव्हे, वेगवेगळं विचारा आणि मधलं उत्तर घ्या. आणि उंची रस्त्यापासून मोजू नका. २००५ नंतर बहुतेक गल्ल्यांत काँक्रीट, लाद्या, पेव्हरब्लॉक यांचे थरावर थर चढले. तेव्हा कमरेइतकं आलेलं पाणी आजच्या रस्त्यापासून मोजलं तर मांडीइतकंच भरतं आणि ‘अहो, एवढंच नव्हतं’ असा वाद सुरू होतो. जुन्या घराचा जोता किंवा दाराची चौकट धरून मोजा. घर पाडून नव्याने बांधलं असेल तर ते सोडा, शेजारचं जुनं घर धरा.

तिसरी गोष्ट रेघ एका भिंतीवरून दुसरीवर नेणं. यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पुरते: आठ-दहा मिलिमीटर व्यासाची, पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी. बादलीतून पाणी ओढून ती भरा, पाण्यात चिमूटभर नीळ टाका म्हणजे उन्हात पातळी दिसते. भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरा. पाणी एका रेषेत आलं नाही तर आत बुडबुडा अडकलाय. नळी टिचक्या मारत उंच करून तो काढा. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा, वाचताना दोन्ही उघडी. वाचताना एका टोकावर अंगठा राहणं ही नेहमीची चूक आहे, आणि त्याने रेघ सहज हातभर चुकते. खूण एका भिंतीवरून दुसरीवर नेताना दर वेळी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच. पण खरी अडचण वेगळी आहे. पुराचं पाणी वाहत होतं, म्हणजे त्याच्या पृष्ठभागालाच उतार होता. एका घरातली खूण लेव्हलने अर्धा किलोमीटर नेली तर भूमिती बरोबर आणि इतिहास चूक, अशी गत होते. प्रत्येक गल्लीत नवी साक्ष घ्यायची आणि लेव्हल फक्त त्या गल्लीपुरती वापरायची. दोन गल्ल्यांच्या रेघा जुळल्या नाहीत तर तसंच ठेवा. का जुळल्या नाहीत यावर तिथले लोक तुमच्यापेक्षा जास्त सांगतील: इथे नाल्याची भिंत फुटली, तिथे पुलाखाली कचरा अडला. ही माहिती नकाशात नसते.

चौथी गोष्ट वेळ. २६ जुलैलाच रेघ काढायचा मोह होतो, पण भर पावसात चुना धरत नाही. रेघ मे महिन्यात काढा आणि २६ जुलैला रेघेवरून फेरी काढा. फेरी दीड तासाची, दीड-दोन किलोमीटरची, वीस-पंचवीस जणांची. याहून मोठा जमाव गल्लीत मावत नाही आणि मागच्यांना ऐकू येत नाही. बोलायचं त्या त्या घरच्यांनी. कलाकाराने नळी धरावी.

एक सावधगिरी. भिंत ज्याची त्याची आधी परवानगी घ्या आणि ‘नको’ म्हटलं तर पुढे चला. खोली विकायची किंवा भाड्याने द्यायची असेल तर दारावरची पुराची खूण मालकाला महागात पडते. ही भीती खोटी नाही, तिच्याशी वाद घालू नका.

दुसरी मोठी वहिवाट गणपतीची. मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासून, गिरगावच्या केशवजी नाईक चाळीपासून चालत आला आहे. मांडणशिल्पाला एवढा सवयीचा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असं मला वाटत नाही, आणि तरी समकालीन कलाकार देखाव्याकडे नाक मुरडतात. देखावा पाहणाऱ्याला प्रकाश, ध्वनी, क्रम, निवेदन यांची भाषा लहानपणापासून येते. त्याला ‘इन्स्टॉलेशन म्हणजे काय’ ते समजावावं लागत नाही.

मंडळाकडे श्रावणात गेलात तर उशीर झाला. देखाव्याचा विषय आणि कलादिग्दर्शक बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यातच ठरतो, मोठ्या मंडळांचं पाटपूजन (मूर्तीच्या कामाचा मुहूर्त) पावसाच्या तोंडाशी होतं, मंडप महिनाभर आधी उभा राहू लागतो. एप्रिलमध्ये जा. सोबत संकल्पनेचं टिपण नेऊ नका. पाच मिनिटांची संहिता, मंडपाच्या मापाचं रेखाचित्र, साहित्याची यादी, खर्च, आणि विसर्जनानंतर काय कुठे जाणार याचा तक्ता न्या. मंडळं स्पर्धांत भाग घेतात आणि कार्यकर्त्यांना निकालाची चिंता असते, तेही गृहीत धरा.

मग हिशेब करा. हलता देखावा सहा मिनिटांचा असेल आणि एका खेपेला चाळीस माणसं आत घेतली, तर तासाला चारशे. ध्वनिक्षेपक साधारणतः रात्री दहाला बंद करावे लागतात, सवलतीचे दिवस सोडून. म्हणजे सहा ते दहा या चार तासांत सोळाशे माणसं. छोट्या मंडळाला हे पुरेसं आहे. गर्दीच्या मंडळात हा प्रकार चालणारच नाही. तिथे मूर्तीसमोर काही सेकंद मिळतात, पण रांगेत तासन्‌तास. अशा ठिकाणी काम रांगेच्या बाजूने मांडा: बांबूच्या अडथळ्यांच्या आतल्या अंगाला, डोळ्यांच्या उंचीवर, दर दहा-बारा पावलांवर एक चित्र. विहार-पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंतची सुमारे अठरा किलोमीटरची मिठी रांगेच्या लांबीवर पसरता येते. रांग सरकते तशी नदी सरकते. इथे तुमची छायाचित्रं फ्रेमशिवाय, मांजरपाटावर छापून, वर-खाली बांबूच्या कामट्या घालून लावा. फ्लेक्स वापरलात तर पर्यावरणावर बोलायचा तुमचा अधिकार तिथेच संपतो, आणि लोक ते तोंडावर सांगतात. थर्माकोलच्या सजावटीला २०१८ च्या राज्यातल्या बंदीपासून जागा नाही.

विषयाबद्दल एक मत. ताप आलेली पृथ्वी, रडणारं झाड आणि कुऱ्हाड घेतलेला माणूस हे देखावे दरवर्षी होतात, त्यांतून कुणाला काहीही नवीन कळत नाही. मंडपामागचा नाला कुठून येतो, कुठे मिळतो, त्यात कुणाचं सांडपाणी येतं, भरतीच्या वेळी तो उलटा का वाहतो, एवढं दाखवा. वाहतं पाणी दाखवायला दोनशे लिटरचा पिंप आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पुरतो, पाणी तेच ते फिरवायचं. दिवे बारा व्होल्टचे ठेवा आणि पंपाच्या जोडणीवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारी कळ) लावल्याशिवाय कळ दाबू नका. ओलसर मंडप, लोखंडी सांगाडा आणि अनवाणी भाविक एकत्र असतात. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डेंग्यूचे डास पाळल्याबद्दल महापालिका नोटीस देईल आणि ते योग्यच होईल. मंडळाच्या सहा-आठ पोरांना नदीचा नकाशा समजावून ठेवा. प्रश्न त्यांनाच विचारले जातात.

कोळीवाड्यात जायचं असेल तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि तिथी बघा. प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यांची मासेमारी प्रवाहाच्या जोरावर चालते, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कुणाला वेळ नसतो. अष्टमीच्या पुढेमागे भांगाच्या भरतीत ओढ कमी असते, तेव्हा माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली सापडतात. बैठक तेव्हाच ठेवा. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, होड्या वर ओढलेल्या असतात. सावकाश गप्पांना हा काळ चांगला, नारळी पौर्णिमेनंतर नाही. आणि तिथे ‘जैवविविधता’ सांगायला जाऊ नका. तिवर, कांदळ, चिपी, मारंडी ही झाडं आणि निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, शिवल्या कुठे कमी झाल्या, कुठल्या वर्षापासून, हे त्यांना तोंडपाठ असतं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले कलाकार पराग तांडेल यांचं काम पाहा. समाजाच्या आतून केलेलं काम बाहेरच्या कामापेक्षा कुठे वेगळं पडतं ते कळेल. ससून डॉक या मासळीच्या गोदीत २०१७ मध्ये जो मोठा कला प्रकल्प झाला, त्यात प्रेक्षकांना मासळीच्या वासातून चालत जावं लागलं आणि भिंतींवर कोळ्यांचेच मोठे चेहरे होते. ते चांगलं होतं. पण दुरून आलेला प्रेक्षक गोदीत फिरला म्हणून गोदीतला माणूस प्रेक्षक झाला असं होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अहवालात त्या एकाच आकड्यात मिसळल्या जातात.

किनाऱ्यावरची फेरी हा सोपा मार्ग आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने २०१७ पासून गिरगाव, हाजीअली, जुहू अशा किनाऱ्यांवर ओहोटीच्या फेऱ्या घेऊन हजारो मुंबईकरांना खडकांतले जीव दाखवले. मुंबईत उधाणाच्या दिवशी मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, त्यामुळे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला मिळते, म्हणजे नोकरदारांना सोयीची. ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरायच्या वेळी परत निघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. ‘दर रविवारी सहा वाजता’ असा फलक लावलात तर दुसऱ्याच रविवारी गुडघाभर पाण्यात उभे राहाल.

शाळांकडे चित्रकला शिक्षकामार्फत जा, मुख्याध्यापकांच्या भाषणमालेतून नको. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, तेव्हा साहित्य चित्रप्रधान ठेवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीमुळे मुलांना स्मरणचित्राची सवय असते. ‘नदी काढा’ म्हटलं तर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली निळी नदी येते, मिठीकाठच्या मुलांकडूनही. ‘शाळेत येताना कुठला नाला ओलांडता, तो काढा’ असं सांगा, चित्र बदलतं. एक सक्त सूचना: तुमचा गाळाचा रंग मुलांच्या हाती देऊ नका. मिठीच्या गाळात जड धातू आणि मैला दोन्ही असतात. वाळवून जंतू कमी होतील, धातू तिथेच राहतात. गाळ कुटताना तुम्हीही मुखपट्टी आणि हातमोजे वापरा, चित्रं वरून वार्निशने बंद करा आणि शाळेसाठी दुसरीकडची स्वच्छ माती आणा.

ध्वनिमुद्रणांचं थोडक्यात सांगतो. पाण्याखालचा आवाज हेडफोनवर ऐकवला तर एका वेळी एकच माणूस ऐकतो आणि हेडफोन आठवड्यात तुटतो. नव्वद सेकंदांचा तुकडा करा, सुरुवातीला स्थानिक बाईच्या किंवा मुलाच्या आवाजात ‘हे कुठलं पाणी’ एवढं सांगा आणि सोसायटीच्या, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांवर त्यांच्याच माणसाकडून जाऊ द्या. अनोळखी नंबरवरून आलेलं कुणी उघडत नाही. क्यूआर कोडवर फार भिस्त नको.

मजकूर. उभ्या-उभ्या वाचायच्या फलकावर पंचवीस-तीस शब्द, त्याहून जास्त नाही. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर देवनागरी अक्षर तीन ते साडेतीन सेंटिमीटर उंच हवं, आणि वेलांट्या-उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींत मोकळी जागा जास्त. कुर्ल्यात मराठी आणि हिंदीबरोबर उर्दू लागेल, तीही यंत्रावर भाषांतर करून नको, शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांकडून तपासून. ‘मानव आणि निसर्ग यांच्यातील संवादाचा शोध’ असली वाक्यं गॅलरीच्या भिंतीवरच राहू द्या.

साहित्य कुठे दगा देतं तेही बघा. मुंबईच्या उन्हात साध्या पांढऱ्या नायलॉनच्या केबल टाय काही महिन्यांत ठिसूळ होऊन तुटतात. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा काथ्या वापरा. बांबू प्रक्रिया न करता लावला तर पावसाळ्याआधीच भुंगा लागून पीठ गळतं. बोरॅक्स दीड भाग आणि बोरिक ॲसिड एक भाग, एकूण पाच-सहा टक्क्यांच्या द्रावणात आठ-दहा दिवस बुडवा. मात्र हे क्षार पावसात धुऊन जातात, तेव्हा उघड्यावरचा बांबू वरून तेल किंवा वार्निश मागतो. भिंतीवर रंगवायचं असेल तर ऑक्टोबर उलटू द्या. पावसाने ओली भिंत बाहेरून कोरडी दिसते, आतून क्षार फुटून महिन्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. रंग न वापरताही भिंतीवर काम होतं: पावसाळ्यात काळ्या-हिरव्या पडलेल्या कुंपणभिंतीवर प्लायचा साचा धरून आतला भाग काथ्याच्या ब्रशने नुसत्या पाण्याने घासायचा. चार फूट बाय तीन फुटांच्या आकृतीला दहा-पंधरा लिटर पाणी पुरतं आणि पुढच्या पावसाळ्यात ती आपोआप झाकली जाते.

प्लास्टिकच्या बाटल्यांचा भलामोठा मासा किनाऱ्यावर उभा करू नका, विनंती आहे. पहिले दोन आठवडे सेल्फी, मग ऊन लागून तडकलेल्या बाटल्या, मग तुकडे परत वाळूत. खाडीकाठी उद्घाटनाला कांदळवनाची रोपं लावायचाही बेत नको. ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा नसतो, रोहित (फ्लेमिंगो) पक्षी त्याच चिखलात चरतात. ठाणे खाडीचा रोहित अभयारण्याचा भाग २०२२ पासून रामसर स्थळ आहे. रोपं कुठे लावायची हे वनविभागाचा कांदळवन कक्ष ठरवतो, कलाकार नव्हे.

परवानग्यांचा क्रम असा ठेवा: आधी गल्ली आणि जागेचा मालक, मग स्थानिक मंडळ, मग पोलीस ठाणं, मग वॉर्ड ऑफिस. उलट क्रमाने गेलात तर कागद मिळतो पण गल्ली मिळत नाही. सार्वजनिक भिंतीवर विनापरवाना काही केलं तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण कायदा लागू होऊ शकतो, धुऊन काढलेली आकृतीसुद्धा अपवाद समजू नका. झाडाला खिळे, तारा, दिवे अजिबात नकोत. शहरातल्या झाडांना १९७५ पासून वेगळा कायदा आहे. बंदराच्या जमिनीची मालकी मुंबई पोर्टची, रेल्वेच्या भिंतीची त्या त्या विभागाची. अर्जात ‘कलाप्रकल्प’ याऐवजी काय, किती फूट, किती दिवस, कोण काढून नेणार या चार गोष्टी लिहा. कारकुनाला त्याच लागतात.

खर्चाच्या एकूण रकमेतला चौथा हिस्सा उद्घाटनानंतरच्या महिन्यांसाठी बाजूला ठेवा. रेघ पुसट होते, कामट्या निघतात, कुणीतरी विचारतं ‘ते लोक परत आलेच नाहीत का?’ दुसऱ्या खेपेला दार उघडेल की नाही ते यावरच ठरतं.

शेवटी, पोचलं की नाही हे कसं कळणार. ‘दहा हजार लोकांनी पाहिलं’ हा आकडा रस्त्यावरून गेलेल्यांचा असतो. एका कागदावर चार रकाने पाडा: समोरून गेले, दहा सेकंदांहून जास्त थांबले, कुणाशी तरी बोलले, दुसऱ्याला घेऊन परत आले. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात, प्रत्येकी वीस मिनिटं, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. मोजणारा कलाकार नसावा, नाहीतर तो समजावायला धावतो. पहिला रकाना मोठा आणि बाकी रिकामे असतील तर जागा चुकली आहे, काम हलवा. तिसरा भरलेला आणि चौथा रिकामा असेल तर वेळ चुकली आहे. माणसांना आवडलं, पण घरच्यांना आणायला सवड मिळाली नाही. चौथा रकाना भरू लागला की पुढच्या वर्षीची रेघ काढायला लेव्हलची नळी, साचे आणि साक्षींची वही त्या गल्लीतल्या मंडळाकडे सोपवा, आणि गॅलरीत पुढचं प्रदर्शन लावाल तेव्हा त्या वहीतलं एकही पान त्यांना विचारल्याशिवाय लावू नका.